माझ्या नावाचं कार्ड

मी मुख्य कार्यकारी अधिकारी झाले तेव्हा कंपनीतल्या मुलींनी मला विचारलं, "मॅडम, तुम्ही इथवर कशा पोचलात?" मी मेहनत, चिकाटी, आईबाबांचे आशीर्वाद असं सांगून वेळ मारून नेली. सगळं खोटं नव्हतं. पण एका माणसाचं नाक कापायची इच्छा नसती, तर मी वसईला शाळामास्तरीण म्हणूनच निवृत्त झाले असते, हे त्यांना सांगितलं नाही. इथे सांगते.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मी बी.एस्सी. झाले आणि मुंबईतल्या एका कंपनीत पंच ऑपरेटर म्हणून लागले. ही कंपनी दुसऱ्या कंपन्यांची कामं संगणकावर करून द्यायची. तेव्हा संगणक म्हणजे काचेपलीकडची एक थंडगार खोली. आत जायचं तर चपला बाहेर काढायच्या. आम्ही बारा जणी अलीकडच्या खोलीत ओळीने बसायचो आणि जाड कागदाच्या कार्डांवर यंत्राने भोकं पाडायचो. एका कार्डावर ऐंशी रकाने. त्यात मावेल तेवढीच माहिती. दिवसभर खडखडाट. घरी आले तरी बोटं मांडीवर वाजत राहायची.

आमच्या विभागाचा मॅनेजर परदेशात शिकून आलेला. पांढराशुभ्र शर्ट, खिशात दोन पेनं. कार्डांची थप्पी हातात घेऊन टेबलावर ठोकून सारखी करायची त्याला सवय होती. दिसायला चांगला होता, बोलायला त्याहून चांगला. वरच्या लोकांशी बोलताना त्याचा आवाज लोण्यासारखा व्हायचा.

माझी आई मिठागराच्या गावची. तिच्या तोंडी 'ण' नव्हता, आणि लहानपणी मीही तिच्यासारखंच बोलायचे. नोकरी लागल्यावर जपून बोलायला लागले, पण एकदा घाईत शिपायाला म्हणाले, "जरा पानी देता?" मॅनेजर दारात उभा होता. त्या दिवसापासून, कोणी पाहुणा आला की तो आमच्या खोलीकडे बघून म्हणायचा, "अरे, बाईंना पानी द्या!" सगळ्या हसायच्या. मीही हसायचे. न हसून करणार काय?

मला प्रोग्रॅम लिहायचा होता. दुपारच्या सुट्टीत डबा खाता खाता मी कोबॉलचं जाडजूड पुस्तक वाचायचे. ही संगणकाची भाषा. मला ती बाबांच्या वाडीतल्या पाटासारखी वाटायची. एकीकडे पाणी सोडलं की कुठल्या वाफ्यात आधी जाईल, कुठे अडेल, हे आधीच डोक्यात उभं करायचं. बाबांना हे जमायचं. मलाही जमायला लागलं.

मग एका औषध कंपनीचं काम आलं. त्यांच्या गोदामात किती माल आहे, तो कधी बनला, कोणता आधी बाहेर काढायचा, कोणता मुदत संपली म्हणून नष्ट करायचा, याची यादी त्यांना दर महिन्याला हवी होती. आमचे दोन्ही प्रोग्रॅमर त्याच सुमारास परदेशी निघून गेले. मॅनेजर हवालदिल झाला. मी त्याच्या केबिनमध्ये गेले आणि म्हणाले, "सर, मी लिहून बघू का?"

त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "बघ. पण पंचिंग मागे पडता कामा नये."

पाच महिने लागले. सुट्टीच्या वेळात, शनिवारी दुपारी, घरी अंगणात बसून. त्याने एकच अट घातली होती. एका मालाची सगळी माहिती एकाच कार्डात बसली पाहिजे. त्यासाठी मी वर्षाचा एकच आकडा घेतला. शहात्तर साल असेल तर नुसता सहा. मालाचं वय काढायचं तर चालू वर्षातून ते वर्ष वजा करायचं, झालं. पण एकदा पाट चुकवून बघावा तसं मी डोक्यात ऐंशी साल आणून पाहिलं. चालू वर्ष शून्य. गेल्या वर्षीचा माल नऊ. शून्यातून नऊ गेले उणे नऊ. उणे चिन्हासाठी मी जागाच ठेवली नव्हती, म्हणजे यंत्र ते नऊच धरणार. काल बनलेलं औषध नऊ वर्षांचं जुनं म्हणून छापून येणार.

मी त्याला जाऊन सांगितलं. तो पेपर वाचत होता. "सर, ऐंशी साल यायच्या आत हे बदलावं लागेल. मी वहीत टिपून ठेवलंय, आताच बदलू का?"

"ऐंशी साल अजून लांब आहे," पेपर खाली न करता तो म्हणाला. "आधी आत्ताचं चालवून दाखव."

चाललं. पहिल्या झटक्यात नाही, सातव्या-आठव्या वेळी. पण ज्या दिवशी ती यादी लांबलचक कागदावर घडीघडीने बाहेर पडली, त्या दिवशी माझ्या अंगावर काटा आला होता.

औषध कंपनीचे साहेब बघायला येणार होते त्या सकाळी मी आईची मोतिया रंगाची साडी नेसून गेले. मॅनेजर म्हणाला, "आत गर्दी नको. तू पंचिंगलाच बस." मी बसले. काचेतून दिसत होतं. तो थप्पी टेबलावर ठोकत होता, हातवारे करत होता, साहेब माना डोलावत होते. ते गेल्यावर मी कार्डं आवरायला आत गेले. कोबॉलमध्ये प्रोग्रॅमच्या सुरुवातीला लेखकाचं नाव लिहायची एक ओळ असते. त्या ओळीचं कार्ड मी पहिल्या दिवशी पाडलं होतं. पाच महिन्यांत हाताळून माझ्या सगळ्या कार्डांच्या कडा मळल्या होत्या. त्या मळक्या थप्पीत एकच कार्ड कोरं पांढरं दिसत होतं. मी ते काढून वाचलं. त्यावर त्याचं नाव होतं.

मी तशीच त्याच्या केबिनमध्ये गेले. कार्ड टेबलावर ठेवलं. "सर, हे काय?"

तो शांतपणे म्हणाला, "पंच ऑपरेटरचं नाव प्रोग्रॅमवर टाकत नाहीत."

"पण लिहिला मी."

"टायपिस्ट पत्र टाइप करते. खाली सही तिची असते का?"

मराठीत सुचत होतं ते त्याला सांगण्यासारखं नव्हतं आणि इंग्रजीत काही सुचत नव्हतं. महिन्याभरात त्याला बढती मिळाली. मी प्रोग्रॅमरच्या जागेसाठी अर्ज केला तेव्हा 'संभाषणकौशल्य कमी' असा शेरा मारून त्याने तो परत पाठवला. मी राजीनामा दिला. जाताना एकच गोष्ट माझ्याबरोबर आली, ती माझी वही. प्रोग्रॅम लिहिताना मी त्यात शब्द न् शब्द टिपला होता. थप्पीत मात्र खुलाशाची एकही ओळ नव्हती. काय कशासाठी केलंय हे वही वाचल्याशिवाय कोणाला उमगलं नसतं.

मी वसईला सिस्टरांच्या शाळेत गणित शिकवायला लागले. सकाळी सायकलवरून शाळा, दुपारी वह्या, संध्याकाळी बाबांना फुलं वेचायला मदत. लोकांना वाटायचं, मुंबईचा जाच सुटला, पोरगी सुखात आहे. एक दिवस पेपरात त्याचा फोटो आला. तो त्या कंपनीचा मुख्य झाला होता. औषध कंपनीच्या यादीचा खास उल्लेख होता. मी तो कागद कापून वहीत ठेवला. आम्ही ख्रिस्ती. रविवारी देवळात, म्हणजे चर्चमध्ये, मिस्सेची प्रार्थना म्हणताना 'आम्ही अपराध्यांना क्षमा करतो' ही ओळ आली की मी तोंड मिटून घ्यायचे. शेजारी बसलेल्या आईच्या एकदा लक्षात आलं. तिने कोपराने ढोसलं. मी तरीही म्हटली नाही.

ऐंशी साल जवळ येत होतं. त्याला एक पत्र टाकणं मला सहज शक्य होतं. चार ओळींचं काम. मी ते केलं नाही. विसरले नाही, आळस केला नाही. ठरवून टाळलं. दरवर्षी नाताळात घरी करंज्या होतात. त्या वर्षी करंज्या भरताना मी गुणगुणत होते, असं आई पुढे कितीतरी वेळा म्हणाली.

फेब्रुवारीत शाळेत पालकांना बोलावलं होतं. माझ्या नववीच्या वर्गातल्या एका मुलीचे वडील आले. वसईजवळच उमेळ्याला राहायचे, पन्नाशीचे, इस्त्रीचे कपडे, पण दाढी वाढलेली. मुलगी गणितात हुशार होती. मी कौतुक केलं. ते म्हणाले, "बाई, आता मीच घरी शिकवतो तिला. हल्ली घरीच असतो."

"रजेवर आहात का?"

"निलंबित केलंय." ते खाली बघत होते. "औषधाच्या कंपनीत गोदाम सांभाळतो मी. जानेवारीची यादी आली, तिच्यात गेल्या वर्षीचा सगळा माल नष्ट करा म्हणून आलेलं."

माझ्या छातीत ढोल वाजायला लागला. खोटं कशाला बोलू, तो आनंद होता. चार वर्षं वाट बघितलेली गोष्ट ह्या माणसाच्या तोंडून माझ्यासमोर येत होती.

"मग?" मी विचारलं.

"मला दिसत होतं की माल नवा आहे. मी त्या संगणकवाल्या कंपनीला फोन लावला. त्यांच्या मुख्य साहेबांनी स्वतः घेतला. म्हणाले, संगणक चुकत नसतो, तुम्ही डोकं चालवू नका, यादीप्रमाणे करा. मी केलं. दोन दिवस आम्ही सिरपच्या बाटल्या फोडून ओतत होतो. आता ते म्हणतात, असा फोन झालाच नाही. सही माझी आहे ना."

ढोल थांबला. त्यांची मुलगी बाजूला उभी राहून फ्रॉकचा पट्टा बोटाला गुंडाळत होती. मी एवढंच म्हणाले, "होईल सगळं नीट." कशाच्या जोरावर म्हणाले, माहीत नाही.

चार-पाच दिवसांनी आमच्या वाडीच्या तोंडाशी एक मोटार थांबली. केळीतून वाट काढत तो आला. पांढराशुभ्र शर्ट तसाच, पण बुटांना चिखल लागला होता. पंच खोलीतल्या एका जुन्या मैत्रिणीकडून पत्ता मिळवला होता त्याने. बाबा बाजारात गेले होते. आई ओटीवर तांदूळ निवडत होती. तिने विचारलं, "कोन पायजे?"

मी बाहेर आले. त्याला खुर्ची दिली नाही. बाकड्यावर एका कडेला फुलांची टोपली होती, ती मी हलवली नाही. तो उरलेल्या कडेवर अंग चोरून बसला.

"कशा आहात तुम्ही?" त्याने विचारलं. पूर्वी तो मला तू म्हणायचा.

"बरी आहे. साहेबांना पानी देऊ?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. त्याला आठवलं. कानापर्यंत लाल झाला. आईने खरंच तांब्या आणून दिला आणि तो घटाघटा प्यायला.

मग त्याने सगळं सांगितलं. तिघा प्रोग्रॅमरांना बसवलं होतं, कोणालाच धागा सापडत नव्हता. एका ठिकाणी दुरुस्त केलं की तीन ठिकाणी बिघडत होतं. औषध कंपनी काम काढून घ्यायच्या गोष्टी करत होती, आणि त्यांच्यामागे बाकीचेही जातील अशी भीती होती. "तुम्ही आलात तर प्रोग्रॅमरची जागा देतो. सीनियर प्रोग्रॅमरची."

"मला जागा नको," मी म्हणाले. "दोन पत्रं हवीत. तुमच्या कंपनीच्या कागदावर, तुमच्या सहीने, औषध कंपनीच्या साहेबांच्या नावे."

"कसली पत्रं?"

"एक, हा प्रोग्रॅम मी लिहिला. ऐंशी सालाची अडचण मी तुम्हाला तेव्हाच सांगितली होती आणि तुम्ही थांबवलंत. दोन, गोदामातल्या त्या माणसाने फोन केला होता आणि यादीप्रमाणे करा असं तुम्ही सांगितलंत."

आई तांदळातले खडे काढून अंगणात टाकत होती. टक, टक.

"हे लिहून दिलं तर मी संपलो," तो म्हणाला.

"हो."

"तुम्हाला इतका राग आहे?"

"तुम्हाला काय वाटलं होतं?"

तो उठून गेला. मोटार सुरू झाल्याचा आवाज आला. वाटलं, गेला, आता काही येत नाही, आणि उमेळ्याचा तो माणूस घरीच राहणार. तीन दिवस मला जेवण गोड लागलं नाही. चौथ्या दिवशी तो दोन्ही पत्रं घेऊन परत आला; काम गेलं तरी तो संपणारच होता, हे त्याला कळलं असावं. मी ती ओटीवर बसून दोनदा वाचली, एका ठिकाणी 'सहकार्य' असा शब्द घातला होता तो खोडायला लावून तिथे 'संपूर्ण लेखन' असं लिहून घेतलं, शेजारी सही करायला लावली.

मग वही घेऊन मुंबईला गेले. सव्वीस कार्डं बदलायची होती. एक दिवस पुरला. लेखकाच्या ओळीचं कार्ड मी सगळ्यात शेवटी पाडलं, स्वतःच्या हाताने, आणि त्याचं कार्ड त्याच्यासमोर टेबलावर ठेवून दिलं. दोन्ही पत्रं मी पोस्टाने पाठवली नाहीत. स्वतः घेऊन गेले. औषध कंपनीचे साहेब वाचत असताना मी त्यांचा चेहरा बघत होते. त्यांनी चष्मा काढून विचारलं, "पुढची यादी कोण काढणार?" मी म्हणाले, "मी काढीन. पण त्यांच्या कंपनीतून नाही."

दोन महिन्यांत त्याच्या संचालकांनी त्याला घरी बसवलं.

गोदामातले गृहस्थ कामावर परत रुजू झाले. ते पेढे घेऊन आमच्या घरी आले, मुलीलाही आणलं होतं. आईने चहा टाकला. ते मला देवमाणूस वगैरे म्हणायला लागले आणि मला ते सहन होईना. मी म्हणाले, "मला एक सांगायचंय. हे होणार हे मला आधीपासून माहीत होतं. कळवू शकले असते. कळवलं नाही."

त्यांना आधी नीट कळलं नाही. मी पुन्हा सांगितलं.

"म्हणजे मी बाटल्या फोडत होतो तेव्हा..."

"हो."

ते उठले. कप तसाच भरलेला होता. मुलीला म्हणाले, "चल." दारात वळून म्हणाले, "तुमचं त्याच्याशी होतं ना? मग मी कोण होतो?" त्यांनी मुलीची तुकडी बदलून घेतली. पुढे कित्येक वर्षं वसईच्या बाजारात ते मला पाहून रस्त्याच्या पलीकडे जायचे.

त्या आठवड्यात मी फादरांकडे पापनिवेदनाला गेले. सगळं सांगितलं. फादरांनी विचारलं, "पश्चात्ताप होतो का?"

"गोदामवाल्यांच्या बाबतीत होतो."

"आणि त्या दुसऱ्याच्या?"

"नाही फादर."

जाळीपलीकडून ते म्हणाले, "बाई, अर्धंच पाप सांगायला आलीस?" मी म्हणाले, "खोटं कसं सांगू?" त्यांनी मला प्रार्थना नेमून दिली आणि उरलेल्या अर्ध्यासाठी पुन्हा ये म्हणाले. मी गेले नाही.

वसईजवळ वालीवला तेव्हा औद्योगिक वसाहत वाढत होती. एका बाजूला प्लास्टिकच्या बादल्या, दुसऱ्या बाजूला लोखंडी खिळे, मधल्या गाळ्यात मी स्वतःची कंपनी काढली. सुरुवातीला माझ्या शाळेतून दहावी झालेल्या सहा मुली आणि जुनी पंचिंग यंत्रं. वीज गेली की सगळ्या बाहेर झाडाखाली बसायच्या. पावसाळ्यात कार्डं फुगायची, म्हणून मी आईच्या पापडांच्या पत्र्याच्या डब्यांत ती ठेवायचे. पुढे कार्डं गेली, फ्लॉपी आल्या, छोटे संगणक आले. औषध कंपनीमागोमाग विम्याचं काम आलं, मग एका परदेशी कंपनीचं. गाळ्याचे दोन झाले, मग आख्खा मजला. प्रत्येक प्रोग्रॅमवर लिहिणारीचं नाव राहील, हा माझा पहिला नियम होता. एकदा एका टीमच्या प्रमुखाने तो मोडला. मी त्याला त्याच दुपारी काढून टाकलं, माफी मागत होता तरीही. कडक बाई म्हणून माझं नाव झालं. होऊ दे.

ऐंशीचं दशक निम्मं सरलं होतं. आम्ही जाहिरात दिली होती, मोठ्या पदांसाठीही आणि ऑपरेटरांसाठीही. एका सकाळी स्वागतकक्षातली मुलगी आत आली. "मॅडम, एक वयस्कर गृहस्थ आलेत. तुम्हाला ओळखतात म्हणाले. मॅनेजरच्या जागेसाठी."

मी काचेतून पाहिलं. तोच. शर्ट पांढरा, पण कॉलर विरलेली. केस गेले होते. मांडीवर फाइल धरून बादलीवाल्यांच्या आवाजाने दचकत होता. मला बाहेर जाऊन त्याला केबिनमध्ये आणता आलं असतं.

"आपल्याकडे कोणीही आलं तरी आधी काय घेतो आपण?" मी मुलीला विचारलं.

"टायपिंगची परीक्षा. पण मॅडम, ती तर ऑपरेटरांची..."

"सगळ्यांची घ्या."

त्याला मुलींच्या रांगेत बसवलं. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुली दोन्ही बाजूंना, बोटं पाऊस पडावा तशी चालत होती. तो दोन बोटांनी एकेक अक्षर शोधत होता. दहा मिनिटांनी घंटा झाली तेव्हा त्याच्या तीन ओळी झाल्या होत्या. त्याने मान वर करून पाहिलं आणि काचेपलीकडे मी दिसले. मी हलले नाही. तोही नाही. मग त्याने फाइल उचलली.

"कळवतो म्हणून सांगा," मी मुलीला म्हणाले.

आम्ही कधीच कळवलं नाही. त्या दुपारी मी डबा उघडला. आईने बोंबलाचं कालवण दिलं होतं. मी शेवटच्या घासापर्यंत खाल्लं आणि शेजारच्या मुलीच्या डब्यातली भाकरीही मागून घेतली.